कोरं दिसेपर्यंत

मिऱ्याच्या किनाऱ्यावर टेकू देऊन उभ्या केलेल्या शिडाच्या बोटीच्या पोटावर एकशे चौदा फोड होते. डावीकडे एकाहत्तर, उजवीकडे त्रेचाळीस. फायबरच्या थरांत वर्षानुवर्षं झिरपलेल्या पाण्याने आलेले. ओमकारने प्रत्येकाभोवती खडूने गोल काढला होता. आता डावीकडे एकही फोड उरला नव्हता. त्यांच्या जागी घमेल्याएवढा खोलगट चट्टा होता.

बोट विनीतची. तो मालवाहू जहाजावर इंजिनिअर. बोटीचं आरेखन पन्नास वर्षांपूर्वीचं: लांब कणा, खोल पोट, वेग बेताचा, पण लाटेत न डगमगणारी. दिवाळीनंतर तिच्यातून गोव्याला जायचं त्याने ठरवलं होतं. जहाजावर परतताना फोड काढायचं काम तो ओमकारवर सोपवून गेला. शेजारचा पोरगा, रसायनशास्त्र शिकलेला. ओमकारने मदतीला गंगारामकाकांना घेतलं.

काकांनी जन्मभर लाकडाच्या होड्या दुरुस्त केल्या होत्या. पावसाळ्याआधी होडी ओढून घ्यायची, नारळी पौर्णिमेआधी किडीने खाल्लेलं लाकूड तासायचं, खालचं कोरं, धड लाकूड दिसल्याशिवाय हात थांबवायचा नाही, हा त्यांचा नेम. इथेही त्यांनी तेच केलं. परवा दुपारपर्यंत तासून त्यांनी घासायचं यंत्र बंद केलं.

"ओम्या, हिचं कोरं दिसायचं तरी कधी? तासावं तेवढं खाली तसंच."

ओमकार सावलीत मोबाइल बघत होता. "जुन्या बोटी जाड असतात, काका. तेव्हा फायबरवर भरवसा नव्हता, म्हणून दुप्पट जाडी द्यायचे. तासा बिनधास्त."

ते त्याने कुठेतरी वाचलं होतं. या बोटीची जाडी मोजली मात्र नव्हती.

काल विनीत सुट्टीवर आला. आज सकाळी त्याने चट्ट्यावरून तळवा फिरवला आणि बराच वेळ तो हात तिथेच ठेवून उभा राहिला.

"काका, ही लाकडाची होडी नव्हे हो."

"चुकलं, सायब," काका हसले. "हाताला खोड लाकडाची. आता मला सुकत घातलेल्या बांगड्यांवरचे कावळे हाकायला बसवा."

विनीत हसला नाही. "आराखड्यात इथे बारा मिलिमीटर आहे. दहाच्या खाली गेलं असेल तर मी हिला पाण्यात उतरवणार नाही. आणि पुढचं काम तुम्हाला देणार नाही, काका. राग मानू नका."

काकांनी मान हलवली आणि हत्यारं पिशवीत भरू लागले. ओमकारने त्यांच्याकडे पाहिलं. काका त्याच्याकडे बघतच नव्हते. मुद्दामच बघत नव्हते, हे ओमकारला कळलं.

"विनीतदादा, काका थांबले होते. मला विचारलं त्यांनी."

"गप रे मेल्या," काका पिशवीतून मान वर न करता म्हणाले. "तू कशाला मधे पडतोस?"

"मधे नाही पडत. तासा म्हणून मीच सांगितलं. न मोजता."

जाडी मोजायचं यंत्र विनीतने जहाजावरच्या मित्राकडून मागून आणलं होतं, ते ओमकारच्या हातात दिलं.

"मग आता मोज."

ओमकारने चट्ट्याच्या कडेला जेल लावून यंत्राचं टोक टेकवलं. अकरा पूर्णांक सहा. तो आत सरकत गेला. काका पिशवी खाली ठेवून मागे येऊन उभे राहिले. चट्ट्याच्या मध्यावर आकडे जरा वेळ हलत राहिले, मग स्थिर झाले.

आठ पूर्णांक नऊ मिलिमीटर.