अस्तराची पिशवी

जाण्याआधी पोरीची आपल्यावरची माया तोडायची, असं माझ्या धाकट्या बहिणीने ठरवलं. मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. मी मशीनवर शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा घेऊन बसले होते. ती दारात येऊन उभी राहिली, दोन्ही हात कमरेवर, पोटाच्या भाराने जराशी मागे झुकलेली.

"ताई, आजपासून बटण तुझ्यापाशी झोपेल. तिची आंघोळ, जेवण, वेण्या, सगळं तू करायचं. माझ्याकडे आली तर मी हाकलून देणार, आणि तू मध्ये पडायचं नाही."

"हाकलून? मांजर आहे का ते?"

"मध्ये पडायचं नाही म्हटलं ना."

बटण म्हणजे तिची मुलगी. पाचवं लागायचं होतं. जन्मली तेव्हा इतकी वाटोळी आणि इतकी इवलीशी होती, की मी तिला पहिल्यांदा हातात घेतलं आणि तोंडातून बटण असंच निघालं, ते चिकटलं ते चिकटलंच. तिचं खरं नाव फक्त कागदांवर होतं, आणि नेमके तिचे कागदच अडकले होते.

झालं होतं ते असं. दुसऱ्या बाळाची चाहूल लागली त्याच महिन्यात धाकटीच्या नवऱ्याला परदेशात नोकरी लागली. तो पुढे जाईल, बाळंतपण इथे माझ्याकडे होईल, मग तिघं सावकाश जातील, असा साधा बेत होता. मग एका तपासणीत पोटातल्या बाळाच्या हृदयात दोष निघाला. जन्मल्या जन्मल्या ऑपरेशन करावं लागणार होतं. आमच्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, गोड बोलून वेळ मारून नेणाऱ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "तिथल्या हॉस्पिटलात जन्मलं तर वाचायची आशा आहे. इथे मी शब्द देणार नाही." तेव्हापासून घरात नुसती धावपळ सुरू झाली. धाकटीचा तिथे जायचा परवाना आला. बटणाचा आला नाही. चौकशी केली की एकच उत्तर, काही महिने लागतील. आणि पोट आणखी वाढलं की विमानात घेत नाहीत.

म्हणजे एका लेकराला वाचवायचं तर दुसऱ्याला सोडून जायचं. यात निवड करण्यासारखं काही नव्हतं, आणि म्हणूनच धाकटी वेडीपिशी झाली होती.

"ती माझ्या नावाने रोज रडेल," ती म्हणाली. "त्यापेक्षा मी असतानाच तिला माझा कंटाळा येऊ दे. नावडती होऊनच जाते. म्हणजे मी गेले तरी तिला काही वाटणार नाही."

"असं कुठे असतं का?"

"मग तू सांग दुसरं काहीतरी."

मला दुसरं काही सुचेना. मी तापट बाई आहे, माझ्या दुकानात गिऱ्हाइकं मापं देताना श्वास रोखून उभी राहतात. पण त्या दिवशी मी गणवेशाची बाही उलटी लावली आणि उसवत बसले.

दुसऱ्या दिवसापासून सुरुवात झाली. सकाळी बटण नेहमीसारखी कंगवा घेऊन आईपुढे पाठ करून बसली. धाकटी म्हणाली, "मला वेळ नाही. मावशीकडे जा." पोर तशीच बसून राहिली. तिला वाटलं, आई गंमत करतेय. धाकटीने कंगवा घेतला आणि बाहेर माझ्या टेबलावर आणून आपटला. टाचण्यांची डबी लवंडली. मी तोंड उघडणार होते, पण तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप टाचण्या वेचायला लागले. मग बटण आली, माझ्याकडे पाठ करून बसली, आणि तिने मला विचारलं, "आईला काय झालं?"

"पोट जड झालंय ना, म्हणून चिडचिड होते."

"माझ्यामुळे नाही ना?"

"तुझ्यामुळे कशाला होईल, वेडाबाई!"

तेवढ्यात आतून धाकटी ओरडली, "तिच्यामुळेच होते! दिवसभर पायांत घोटाळत असते!" माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या वेण्या मी इतक्या घट्ट घातल्या की पोरीचे डोळे ताणले गेले, मग सोडून पुन्हा घातल्या.

त्याच आठवड्यात धाकटी तपासणीला निघाली आणि बटणाने तिचा झगा धरून भोकाड पसरलं. मीही येणार, मीही येणार. धाकटीने तिची बोटं एकेक करून सोडवली. "रडणाऱ्या मुलींना कोणी कुठे नेत नाही," ती म्हणाली आणि फाटक लावून निघून गेली. पोर फाटकाला लटकून रडली. मी तिला उचलून आत आणलं, तर तिने मला लाथा मारल्या.

पुढच्या वेळी धाकटी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात निघाली होती. बटण दारात आली. ओठ असे मिटलेले, जसं तोंडात पाणी धरलंय. एक शब्द बोलली नाही. धाकटी फाटकापर्यंत गेली, आणि मला वाटतं, तिने मागे वळून बघायला नको होतं. पण बघितलं. पोर दारात ताठ उभी, हनुवटी थरथरतेय, डोळे भरलेले, पण एक थेंब खाली पडू देत नव्हती. धाकटी परत आली. "चल," म्हणाली, "घाल बूट."

दोघी हात धरून गेल्या. परत आल्यावर बटण धावत माझ्याकडे आली. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"मावशी, मी रडले नाही ना, म्हणून आई परत आली आणि मला घेऊन गेली!"

"हो का! शहाणी माझी ती," मी म्हटलं आणि पुन्हा मशीनच्या बॉबिनवर दोरा भरायला लागले. धाकटी मात्र त्या दिवशी स्वतःवर इतकी चिडली, की नंतर ती एकदाही वळली नाही.

मग हळूहळू सगळं तिच्या मनासारखं होत गेलं. बटण माझ्यापाशी झोपायला लागली. जेवताना माझ्या शेजारी बसायला लागली. पडली, खरचटलं, तर माझ्याकडे यायला लागली. आणि मला खोटं बोलता येत नाही, मला ते आवडत होतं. लग्न झालं नाही, मूल नाही, आयुष्य लोकांच्या पँटी आखूड करण्यात गेलेलं. सकाळी गळ्यात दोन हात पडले की मी हरखून जायची. आणि त्याच वेळी न्हाणीघरातून नळाचा आवाज यायचा. बादली भरून वाहतेय, नळ चालू. मला कळायचं की धाकटी आत बसून रडतेय. मी दार वाजवायची. ती नाक शिंकरून म्हणायची, "पाणी तापतंय का बघते."

जायच्या आधी तिचा कोट करायचा होता. तिथे थंडी फार. माझा जुना जाड कोट होता, पण तिच्या पोटावर बटणं लागेनात, म्हणून दोन्ही बाजूंनी उसवून मी मध्ये पट्ट्या घातल्या आणि अस्तर नवं लावलं, निळं, गुळगुळीत. तिला उभी करून मी खडूने खुणा करत होते. बाळाने आतून लाथ मारली तर खूण वाकडी झाली.

"हा आत्तापासूनच मावशीच्या कामात खोड्या काढतो," मी म्हटलं.

धाकटी हसली, बऱ्याच दिवसांनी. मग तिचं लक्ष खाली गेलं. बटण टेबलाखाली बसून अस्तराचे तुकडे गोळा करत होती. पूर्वीसारखी असती तर आईच्या पोटाला कान लावून बसली असती. आता ती आईकडे बघतसुद्धा नव्हती.

"बघितलंस?" धाकटी हळूच म्हणाली. "विचारतही नाही मला आता."

"तुलाच हवं होतं ना हे?"

"हो," ती म्हणाली. "मलाच हवं होतं." आणि तिने मान फिरवली.

थोड्या वेळाने बटण निळा तुकडा घेऊन माझ्याकडे आली. "मला पिशवी शिवून दे."

"केवढी?"

तिने विचार केला. "त्यात माझी बाहुली मावली पाहिजे. आणि ब्रश. आणि गळ्यात अडकवता आली पाहिजे."

"कुठे निघाल्या बाईसाहेब? बाजारात?"

ती मान खाली घालून हसली. मी तिला पिशवी शिवून दिली, पट्टा लावला, वर एक मोठं लाल बटणसुद्धा लावलं. कोटाचं काम राहिलं होतं, तरी आधी पिशवी केली. लाड करायला मला काय, निमित्तच हवं होतं.

जायचा दिवस उजाडला. मी विमानतळावर यायचं नाही, असं धाकटीने आधीच बजावलं होतं. टॅक्सीवाल्याने बॅगा आत ठेवल्या. बटणाला काय सांगायचं ते ठरलेलं होतं, आणि धाकटीने ते पाठ केल्यासारखं सांगितलं, "मी बाळाला आणायला जातेय. तू मावशीजवळ राहायचं. तुझे कागद आले की बाबा येऊन तुला नेतील. कळलं?"

बटणाने मान हलवली. ती माझं बोट धरून पायरीवर उभी होती, ओठ घट्ट मिटून. तिची पकड इतकी घट्ट होती की माझं बोट पांढरं पडलं. मला वाटलं, आईची भीती वाटत असेल.

धाकटीला वाकता येत नव्हतं. तिने पायरीजवळ येऊन नुसते हात पुढे केले. महिनाभर हाकलल्यावर शेवटच्या क्षणाला तिचा धीर सुटला होता. "ये," ती म्हणाली, "एकदा ये माझ्याकडे."

पोर हलली नाही. तिने मान हलवून नाही म्हटलं, आणि माझ्या मागे होऊन तोंड माझ्या कपड्यांत लपवलं.

धाकटीचे हात तसेच राहिले, मग तिने ते कोटाच्या खिशात घातले. माझ्याकडे बघून म्हणाली, "जमलं गं, ताई." तिचा चेहरा मला अजून आठवतो. टॅक्सी गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

मी आत आले आणि मशीनवर बसले. दोनदा धागा ओवला, दोनदा तुटला. बटण आतल्या खोलीत काहीतरी खुडबुडत होती. बऱ्याच वेळाने फोन वाजला. धाकटी होती. मागे विमानतळाचा गोंगाट.

"आता आत सोडतायत," ती म्हणाली. "रडली का गं माझ्या मागे?"

मी दाराकडे पाहिलं. उंबऱ्यावर बटण बसली होती. बाहेरचे बूट घातलेले, उजवा डाव्या पायात. स्वेटरची बटणं वरखाली लागलेली. गळ्यात निळी पिशवी, तिच्यातून बाहुलीचं डोकं आणि दात घासायचा ब्रश बाहेर आलेला. नजर फाटकावर. ओठ मिटलेले, तोंडात पाणी धरल्यासारखे, आणि हनुवटी थरथरत होती.

तेव्हा मला कळलं. पायरीवर ती आईला घाबरली नव्हती. आईच्या कुशीत शिरली असती तर रडू फुटलं असतं, म्हणून ती गेली नाही. महिनाभर ती आईला विसरत नव्हती. महिनाभर ती आईबरोबर जायची तयारी करत होती.

"ताई? ऐकतेस ना? रडली का?"

मी सांगितलं असतं तर धाकटी तिथून परत आली असती. तिला मी ओळखते, बॅगा तिथेच टाकून आली असती. आणि पोटातलं ते लेकरू, माझ्या खडूची खूण वाकडी करणारं, त्याचं काय झालं असतं? न सांगावं तर ती जन्मभर समजणार की आपल्या मुलीने आपल्याला टाकलं.

"नाही," मी म्हटलं. "एकदाही रडली नाही. खेळतेय."

पलीकडे तिने नाक शिंकरलं. मग म्हणाली, "बरं झालं," आणि फोन बंद झाला.

"आई होती?" बटणाने फाटकावरची नजर न काढता विचारलं.

"हो."

"तिला सांगितलंस ना, मी रडले नाही?"

"सांगितलं गं सोन्या."

"मग आता येईल," ती म्हणाली, आणि पिशवी मांडीवर नीट घेतली.

मी तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मला हुंदका आला, मोठा, आवरेना असा. बटण दचकली. तिने घाईघाईने फाटकाकडे पाहिलं, मग आपला लहानसा तळहात माझ्या तोंडावर दाबला.

"मावशी, गप्प बस ना," ती कुजबुजली. "आईने ऐकलं तर मला नेणार नाही."

मी गप्प बसले. जरा वेळाने तिच्या बुटांचे बंद सोडायला हात पुढे केला, तर तिने पाय पोटाशी ओढून घेतले.