बैलाच्या गळ्यातला पट्टा

जीपच्या उजव्या अंगाला, बसायच्या जागेला लागून, एक लोखंडी कडी होती. अंगठा आत जाईल एवढी. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या धोतर-लुगड्यांनी घासून तिची बाहेरची कड चकचकीत झाली होती. आतल्या बाजूला मात्र गंजाचा जाड, तपकिरी थर होता. जिथे रोज काही अडकवलं जातं तिथे गंज बसत नाही. या कडीत जीप घरी आल्यापासून काहीच अडकवलेलं नव्हतं.

मीनाबाई ओल्या फडक्याने जीप पुसत होती. कडीपाशी आल्यावर तिचा हात थांबला. दरवेळी तो इथेच थांबायचा.

"झायं का पुसनं?" गिरधर, तिचा नवरा, इंजिनात पाणी ओतत म्हणाला. "म्हसावदले ऊन चढाना आत पोहचनं शे. तुन्हा भाऊ वाट देखी ऱ्हायना व्हई."

"झायं," ती म्हणाली, आणि फडकं पिळलं.

आज तिच्या मुलाचं, सुदामचं, जावळ होतं. दोन वर्षांच्या सुदामला मामाच्या मांडीवर बसवून केस उतरवायचे, आणि मामाचं घर म्हसावदला. आजवर जीपमधून जायची वेळ आली की मीनाबाई काहीतरी निमित्त काढायची. पोराला ताप आहे, माझा उपास आहे, दूध नासलंय. सुदाम अजून एकदाही जीपमध्ये बसला नव्हता. पण जावळाला निमित्त चालत नाही. आज ती काय करणार होती, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. तिलाही पुरतं ठाऊक नव्हतं. एक वाक्य फार दिवसांपासून तिच्या घशात अडकून होतं, एवढंच तिला ठाऊक होतं.

*

तापीकाठच्या त्या गावात मीनाबाईचे सासरे बन्सीलाल पाटील यांची जीप ही पहिली मोटार. लढाई संपल्यावर लष्कराने विकायला काढलेल्या अमेरिकन जीपांपैकी ती एक होती. चाक डावीकडे, बाजूंना दारं नाहीत. धुळ्याहून ती आली तेव्हा सगळं गाव बघायला लोटलं होतं. मीनाबाईने ते माजघराच्या दारामागून पाहिलं होतं, डोक्यावरून हनुवटीपर्यंत पदर ओढून. दाराऐवजी बसणाऱ्याच्या बाजूला आडवा अडकवायचा एक खाकी पट्टा होता. विणीचा, जाड, दोन्ही टोकांना पोलादी आकडे.

"हाई काय शे?" बन्सीलालआप्पांनी काठीच्या टोकाने तो उचलून विचारलं होतं.

"मिलटरीना पट्टा शे, आप्पा. गाडी वळनी का मानूस बाहेर पडू नही म्हनीसन."

आप्पा हसले होते. मग एकदम गंभीर झाले होते.

"बांधीसन नेतस ते मढं, गिरधर. मन्हा घरमा जिता मानूस बांधीसन बसनार नही. काढ ते." पट्टा हातात घेऊन त्यांनी तो दोन्ही बाजूंनी ओढून पाहिला. "पन शे मजबूत. राजाना गळाले चांगला दिखी."

गिरधरने पट्टा काढला. त्याला घुंगरं शिवली गेली, आणि राजा नावाचा खिलारी बैल पोळ्याला तो पट्टा गळ्यात घालून वेशीतून मिरवला. त्यानंतर गाडीला जुंपतानाही तोच पट्टा असायचा. गाव म्हणायचं, पाटलांचा बैल मिलटरीत भरती झाला.

दुसऱ्या बाजूचा पट्टाही असाच निघाला. तो पाणी काढायच्या मोटेला लागला. बैल आणि मोट सुटू नयेत याची त्या घरात फार काळजी घेतली जात असे.

*

इंदू सुदामच्या आधीची. तीन वर्षांची होती.

शहाद्याच्या बाजाराहून परत येत होते. मागे सरकीची पोती, म्हणून मीनाबाई पुढे नवऱ्याशेजारी बसली होती. इंदू तिच्या मांडीवर. एका हातात केळं, दुसऱ्या हाताने आईच्या बांगड्या फिरवत होती. बाभळीच्या वळणावर समोरून घुंगरांचा आवाज आला. गाडीवर नथ्थूबाबा, आप्पांचे धाकटे भाऊ, म्हणजे चुलतसासरे.

मीनाबाईला त्या घरात येऊन दहा वर्षं झाली होती. चौदाव्या वर्षी तिला शिकवलं होतं की सासरा समोर आला की हात आधी पदराला गेला पाहिजे, मग ताटात पोळी असो, चुलीत हात असो, की मांडीवर लेकरू. हात तयार झाला होता. त्याला विचार करावा लागत नव्हता. वाऱ्याने पदर उडत होता, आणि नथ्थूबाबा समोर होते. उजवा हात पदराला गेला.

त्याच क्षणी बैलगाडीला वाट द्यायला गिरधरने चाक डावीकडे फिरवलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती त्या घरात कोणीच कधी सांगितली नाही. चालती मोटार वळते, पण आत बसलेलं माणूस आपोआप वळत नाही. त्याचं शरीर ज्या दिशेने जात होतं त्याच दिशेने जात राहतं. त्याला वळवायला काहीतरी धरून ठेवावं लागतं, दार किंवा पट्टा. यात देवाची मर्जी नाही, नशीब नाही, कोणाचा भोग नाही. पाटीत ठेवलेलं लिंबू पाटी झटकन फिरवली की बाहेर का पडतं, हे गावातल्या प्रत्येक भाजीवालीला माहीत आहे.

जीप डावीकडे वळली. इंदू वळली नाही.

बैल थांबले. राजाच्या गळ्यातली घुंगरं थोडा वेळ वाजत राहिली.

*

दहाव्याला सासू दगूबाई बायकांत बसून म्हणाली, "आयनी मांडीवरथून पोर पडस कशी, तुम्हीच सांगा." कोणी काही सांगितलं नाही. म्हणजे सगळ्यांनी सांगितलं. नथ्थूबाबा म्हणाले, "तेवढंच आयुष्य व्हतं तिन्हं." आप्पांनी बाभळीखाली एक दगड मांडला, त्याला शेंदूर फासला, आणि तेव्हापासून जीप तिथून जाताना नारळ फोडायची रीत पडली. वळण भोग मागतं, असं ठरलं. हळूहळू दुसऱ्या गावांचे लोकही तिथे थांबून नारळ फोडू लागले. दगडाला एकदा चांदीचे डोळेही बसले.

मूल गेलं, आणि मागे एक देव झाला. पट्टा मात्र बैलाच्या गळ्यातच राहिला.

मीनाबाईने ते सगळं खरं मानलं. आपण आई म्हणून कमी पडलो, हे तिने आपल्या उजव्या हाताला रोज सुनावलं. पुढच्या पोळ्याला राजाच्या मानेवर हळद लावताना तिच्या बोटांना घुंगरांखाली पोलादी आकडा लागला. तिने तो निरखून पाहिला. असाच आकडा अडकेल एवढी कडी तिने कुठेतरी पाहिली होती.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिने गिरधरला विचारलं, "तो पट्टा गाडीना शे का?"

"हा."

"कसाले व्हता?"

 "पडू नही म्हनीसन."

"मंग काबर काढा?"

"आप्पास्नी सांगं."

एवढंच. तो वाईट माणूस नव्हता. रात्री झोपेत इंदूला हाका मारायचा. पण आप्पांनी सांगितलं की त्याच्या तोंडचे सगळे शब्द संपायचे. अशा चांगल्या माणसांनी आपली गावं भरलेली आहेत.

*

अंगणात आता गर्दी झाली होती. जीपला आंब्याच्या पानांचं तोरण, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. सुदामला जरीची टोपी घातली होती आणि तो ती काढून काढून फेकत होता. आप्पांचा बेत ठरला होता. नातवाला बॉनेटवर बसवून वेशीपर्यंत मिरवायचं, वाजंत्री पुढे. वेशीबाहेर त्याला आईच्या मांडीवर द्यायचं.

"पाटीलना वंश शे, गावनी देखाले पाह्यजे," आप्पा म्हणाले.

"एक हात त्याले धरी ठेव रे, गिरधर," कोणीतरी म्हणालं.

"एक हात चाकवर, एक हात पोऱ्यावर!" आणि सगळे हसले. गिरधरने सुदामला बॉनेटवर बसवलं.

दगूबाईने मीनाबाईच्या ओटीत नारळ ठेवला. "वळणवर उतरीसन फोडजो. इसरू नको, बाई. मागला वेळना राग ऱ्हाई जाई तिन्हा."

तिन्हा. म्हणजे इंदूचा. मीनाबाईने पदराआडून सासूकडे पाहिलं. त्या म्हाताऱ्या डोळ्यांत खरंच भीती होती, खरंच माया होती, आणि पट्ट्याची आठवणसुद्धा नव्हती.

तिने नारळ ओट्यावर ठेवला आणि गोठ्याकडे गेली.

राजा रवंथ करत उभा होता. तिने त्याच्या मानेवर हात ठेवला, बंद सैल केला, पट्टा काढला. बैलाने एकदा मान हलवली आणि पुन्हा गव्हाणीत तोंड घातलं. त्याला काहीच फरक पडला नव्हता. गोठ्यातला भिला, घरचा सालदार, शेणाची पाटी खाली ठेवून बघत राहिला. "वहिनी, आप्पा वरडतीन," तो हळूच म्हणाला.

"वरडू दे."

तिथेच उभं राहून तिने कोयत्याच्या टोकाने घुंगरांचे टाके उसवले. एकेक घुंगरू जमिनीवर पडत गेलं. पट्टा मळलेला होता, बैलाच्या घामाचा वास येत होता, पण एकही धागा तुटलेला नव्हता.

ती अंगणात आली तेव्हा वाजंत्री थांबली.

"वं माय!" शेजारची जमनाबाई तोंडाला पदर लावून म्हणाली. "सून काय बैलना पट्टा लिसन मायेरले चालनी का?"

बायका हसल्या. मीनाबाई जीपपाशी गेली. आकडा कडीत घातला. गंजामुळे तो जाईना. तिने तळहाताने जोर लावून दाबला. गंजाचे तुकडे गळले, आकडा खट्कन बसला. हसू थांबलं.

दगूबाई पुढे आली. "मीना! शुभ दिनले पोऱ्याले बांधशी? तुन्हं डोकं फिरनं का? बांधतस कोनले, माहीत शे ना तुले?"

 मीनाबाईने बॉनेटवरून सुदामला उचललं. त्याने लगेच तिच्या बांगड्या धरल्या.

आप्पांनी सुनेकडे पाहिलं नाही. सुनेशी ते थेट बोलत नसत. ती रीत नव्हती. त्यांनी काठी जमिनीवर टेकली.

"गिरधर, तुन्ही बायकोले इचार. राजाना गळाना पट्टा गाडीले काबर लावना?"

गिरधरने बापाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, कडीत अडकलेल्या आकड्याकडे पाहिलं. 

"इचार ना!"

"मी..." गिरधर म्हणाला, आणि मग इतक्या हळू की पुढच्या बायकांनाच ऐकू गेलं, "माले माहीत शे आप्पा, काबर ते."

आप्पांची काठी हलली. सगळं अंगण मीनाबाईकडे बघत होतं. वाऱ्याने तिचा पदर डोक्यावरून सरकत होता. तेरा वर्षं त्या हाताला दुसरं काही ठाऊक नव्हतं, आणि तो आताही उठला. बोटं पदराच्या काठाला लागलीसुद्धा. सुदाम कडेवरून किंचित घसरला.

हात परत आला. तिने सुदामला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. पदर खांद्यावर पडला, पडू दिला. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा तिने सासऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. म्हातारा थकलेला दिसत होता. तिला वाटलं होतं त्याहून बराच लहान.

तिचा आवाज चढला नाही. अंगणाच्या टोकाला उभ्या असलेल्या भिलालाही प्रत्येक शब्द ऐकू गेला.

"आप्पा, इंदूना येळे मन्हा एक हात तुमना मानले गया. आते दोन्ही हात मन्हा पोऱ्याले लागतस. पट्टा लागी तवयच सुदाम ह्या गाडीमा बसी. नही ते मी त्याले उचलीसन म्हसावदले पायी लई जासू."