अकरा जणांची लेखी संमती

कंपनीची सुरक्षा ही प्रत्येक कर्मचाऱ्याची जबाबदारी आहे, असं भिंतीवर लिहिलं होतं. प्रत्यक्षात ती एकट्या नेटवर्कवाल्या काकांच्या डोक्यावर होती.

सकाळी इशारा आला. फायरवॉल आणि मेल सर्व्हर, दोन्हींना भोक पडलंय. पासवर्डशिवाय कोणीही आत शिरू शकतं. दुरुस्ती तयार होती, पण त्यासाठी मेल तासभर बंद ठेवावा लागणार होता.

"बंद?" मोठे साहेब दचकले. "नियम ठाऊक आहे ना, काका? अकराही विभागप्रमुखांची लेखी संमती. मेलवर."

"साहेब, भोक मेललाच पडलंय."

"मग जपून पाठवा."

काकांनी जपून पाठवला. दुपारपर्यंत दोनच उत्तरं आली. एक 'पाहतो', दुसरं 'रजेवर आहे'. तिकडे बाहेरचे अनोळखी संगणक सर्व्हरचं दार ठोठावत होते. पडद्यावर त्यांची यादी लांबत होती. चोर शिरला तर नोकरी जाणार, संमतीशिवाय मेल बंद केला तरी जाणार.

अखेर तीन वाजता त्यांनी जीव मुठीत धरून मेल बंद केला, दुरुस्ती सुरू केली आणि टेबलावरच्या फोनकडे बघत बसले.

चार वाजता दुरुस्ती संपली. मेल बंद होता, हे कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं.