जागा धरणारी दस्ती

मी एक दस्ती बोलतेय. शहरातली माणसं मला रुमाल म्हणतात, म्हणोत बापडी. आमच्या परभणीकडं दस्तीच म्हणायची पद्धत आहे. पिवळ्या चौकटीची, चारी कडांना शिवण घातलेली, चांगली डोक्याला गुंडाळता येईल एवढी मोठी. सध्या माझ्या अंगावर मोटरसायकलच्या टायरची काळी नक्षी आहे. ती कशी उमटली, तेच सांगायचंय.

जिंतूरच्या बाजारात माझ्या मालकांनी, सितारामनी, मला घेतलं. दुकानदारानं दहा दस्त्या पुढं टाकल्या होत्या. ह्यांनी एकेक उजेडात धरली, ओढून बघितली, थुंकी लावून रंग जातो का तेही पाहिलं आणि शेवटी मला खांद्यावर टाकलं. त्या दिवसापासून घाम पुसायला मी, डोकं झाकायला मी, बाजारातून भाजी बांधून आणायलाही मीच.

पण माझं खरं काम वेगळं होतं. मी एस्टीत जागा धरायची. गाडी फलाटाला लागायच्या आधीच सिताराम तिच्याबरोबर पळायचे आणि नेम धरून मला खिडकीतून आत टाकायचे. मी सीटवर पडले की जागा आमची. मागून चढलेला माणूस मला बघायचा, तोंड वाकडं करायचा, पण उचलायचा नाही. एकदा मी एकटीनं नवरा, बायको, मुलगा आणि कोंबड्यांची पाटी एवढ्यांची जागा धरली होती. गावात म्हणायचे, "सितारामची दस्ती पडली की जागा पक्की!" मी फुगून जायची. वाटायचं, ही सगळी माझीच करामत.

पुढं मुलगा सिद्धोधन पुण्याला कंपनीत लागला. त्यानं बायकोसाठी, म्हणजे आमच्या सूनबाई सुकेशनीसाठी स्कूटी घेऊन दिली आणि घरातलं एस्टीचं जाणं-येणं सुटलं. मी खुंटीला लागले. कधी स्कूटीची धूळ पुसायची, कधी नात साक्षीची लाळ. कोणाचे दिवस कधी फिरतील, सांगता येत नाही.

सुकेशनी सरकारी नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. एकदा दोन मार्कांनी गेली. दुसऱ्यांदा बाळंतपण आडवं आलं. आता वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची परीक्षा होती, आणि केंद्र आलं होतं परभणीत. साक्षी सात महिन्यांची. बाटली तोंडाला लावली की जिभेनं बाहेर ढकलायची, त्यामुळं तिला घरी ठेवायची सोय नाही. सासूबाई गीताबाईंचे गुडघे धरलेले. तेव्हा ठरलं असं, की सितारामनी नातीला घेऊन मागं बसायचं, केंद्राबाहेर पोरीला पाजून सुकेशनीनं आत जायचं, आणि पेपर सुटेपर्यंत आजोबांनी नात सांभाळायची.

बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडून ती निघाली. सितारामनी मला खुंटीवरून काढलं, झटकलं आणि खांद्यावर टाकलं. किती महिन्यांनी!

आठ वाजता आम्ही केंद्राच्या रस्त्याला लागलो. फाटक साडेआठला बंद होणार होतं. पण रस्ता कुठला दिसतोय? जिल्हाभरातली पोरं-पोरी गाड्या घेऊन आलेली, त्यात लग्नसराईची खरेदी. दोन्ही कडांना गाडीला गाडी चिकटलेली. वाहनतळावरचा माणूस लांबूनच हात हलवत होता, "फुल झालंय, पुढं चला!" दुकानदारांनी आपापल्या दारापुढं कुंड्या, दगड, मोडक्या खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. सगळे माझ्याच धंद्यातले! मला तर गंमतच वाटली. सुकेशनीला मात्र घाम फुटला होता.

"मामा, गाडी लावू कुठं हो? मागच्या गाड्या टेम्पोत घालून नेऊ लागलेत."

खरंच, रस्त्यावर लावलेल्या गाड्या उचलणारा टेम्पो मागून येत होता. त्यात स्कूटी गेली तर ती सोडवायची कधी, आणि तान्ह्या पोरीला घेऊन गावाकडं जायचं कसं? सुकेशनीनं एक चक्कर मारली. दुसरी मारली. आठ वाजून सतरा मिनिटं झाली. साक्षीनं भुकेनं सूर लावला. सितारामच्या छातीची धडधड मला खांद्यावर ऐकू येत होती, आणि आता माझीही गंमत संपली होती.

तेवढ्यात दुभाजकाच्या पलीकडं, औषधाच्या दुकानासमोरून एक गाडी निघाली. सितारामचे डोळे लकाकले.

"थांब, थांब! जागा झाली. तू चौकातून वळून ये, मी धरतो तवर!"

पोरीला छातीशी धरून म्हातारा दुभाजक ओलांडून पळाला. खांद्यावरून मला ओढलं, मोकळ्या जागेत अंथरलं आणि वर अर्धी वीट ठेवली. मग सुकेशनीला वाट दाखवायला चार पावलं पुढं गेले. निश्चिंत होते ते. दस्ती पडली होती ना!

मी अंग ताठ करून पडले. बघा, म्हटलं, आता कोण येतंय ते.

आली एक मोटरसायकल. पोरानं विटेला पायानं बाजूला सारलं आणि पुढचं चाक सरळ माझ्या पोटावर आणून उभं केलं.

"ए बाबा!" सिताराम ओरडत परत आले. "दस्ती टाकलेली दिसत न्हाई का?"

पोरगं गाडीला कुलूप लावत होतं. "काका, ही काय एस्टीची सीट हाय का? माफ करा, गेट बंद व्हायलंय!" आणि ते धावत सुटलं. त्याच्या हातातही परीक्षेचाच कागद होता. त्याला तरी काय शिव्या द्यायच्या?

बाजूची दोन माणसं हसली. सिताराम माझ्याकडं बघत राहिले. पन्नास वर्षांत कोणी मला ओलांडलं नव्हतं असं त्यांना वाटत असावं. मी तेवढी जुनी नाही, पण माझ्या आधीच्याही दस्त्या त्यांच्याच होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुकेशनी वळून आली. जागा गेलेली. आठ चोवीस. तिचा चेहरा रडवेला झाला.

"जाऊ द्या मामा. नशिबातच न्हाई माझ्या."

"गप!" सिताराम पहिल्यांदाच तिच्यावर खेकसले. "कडंला लाव गाडी. मी बसतो हिच्यावर. तू पळ."

"टेम्पो उचलून नेईल की."

"मला उचलतेत का? जा म्हणतो ना, बाई!"

तिनं साक्षीकडं बघितलं. पाजायचं राहिलं होतं. पोरगी आईकडं झेपावली, तशी तिनं मान फिरवली आणि पळाली. चाकाखालून मला फक्त तिच्या चपला दिसल्या. फाटकाची एक फळी लागली होती. दुसरी लागता लागता ती आत शिरली.

मग टेम्पो आला. "काका, उतरा. गाडी रस्त्यात हाय."

"उतरत न्हाई."

"नियम हाय, काका."

"असंल. माझी सून पेपराला बसलीय. ह्या लेकराला घेऊन मला गाडी ढकलता येत न्हाई, चालवता तर येतच न्हाई. न्यायचीच आसंल तर आमाला दोघाला बी घाला वर."

साक्षी किंचाळत होती. त्या माणसानं गाडीकडं बघितलं, पोरीकडं बघितलं, आणि पुढची गाडी उचलायला निघून गेला. पण पुन्हा येणारच होता. आला, दोनदा आला.

दोन तास म्हातारा त्या सीटवरून हलला नाही. ऊन डोक्यावर आलं. डोकं झाकायला मी नव्हते. हातभर अंतरावर चाकाखाली पडून मी त्यांचं तापलेलं टक्कल बघत होते. पेरूवाल्या नर्मदाबाई म्हणाल्या, "भाऊ, सावलीला बसा की घडीभर." हे म्हणाले, "उठलो की जागा गेली." तेव्हा नर्मदाबाईंनीच साखरेचं पाणी करून आणलं आणि चमच्यानं पोरीच्या तोंडात घातलं. रडून रडून ती आजोबांच्या छातीवर झोपली.

तेव्हा मला उमगलं. एस्टीत जागा मी कधीच धरली नव्हती. चढणारी माणसं एकमेकांची लाज धरत होती, म्हणून मी सीटवर राहत होते. त्या दिवशी ज्यानं खरोखर जागा धरली, त्याच्या अंगावर माझ्याइतकीच पातळ कातडी होती आणि पायात गोळे आले होते.

पेपर सुटला. सुकेशनी गर्दीतून वाट काढत सगळ्यांच्या आधी बाहेर आली. तिनं काही सांगायच्या आधी पोरीला पदराखाली घेतलं आणि तिथंच, सीटच्या आडोशाला खाली बसून पाजलं. सितारामनी पेपर कसा गेला ते विचारलं नाही. ते फक्त तिच्या चेहऱ्याकडं बघत होते. मीही.

निघताना त्यांचा हात सवयीनं खांद्यावर गेला. खांदा रिकामा. त्यांनी वळून मला बघितलं. मोटरसायकलवाला पोरगा अजून आला नव्हता, चाक माझ्यावरच होतं.

"मामा, तुमची दस्ती!"

ते उतरणार, तेवढ्यात मागून कर्णा वाजला. टेम्पो चौथ्यांदा येत होता.

"ऱ्हाऊ दे, पोरी," सिताराम म्हणाले. "इथं थांबायला जागा न्हाई. चल."

ते गेले. पोरगा आला, गाडी काढून तोही गेला. वाऱ्यानं मला ढकलत ढकलत दुकानाच्या पायरीशी आणलं. तेव्हापासून इथंच आहे. कोणी उचलावं असं मी म्हणत नाही. फक्त रस्त्यात कुठं एखादी दस्ती, एखादी वीट दिसली, तर चाक घालण्याआधी आजूबाजूला एकदा नजर टाका. तिच्यामागं कोणीतरी धावत येत असेल.

एव्हाना त्या परीक्षेचा निकाल लागला असेल. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक चपलेकडं मी बघते. सुकेशनी पास झाली का, एवढंच कोणीतरी मला सांगा.