झाडांचा चुना

"चार पोती चुना कुठे गेला, आपा?"

नोरबीबीने बोट वर केलं. विचारणारे मुख्य डॉक्टर एशमुराद दोन दिवस जिल्ह्याच्या बैठकीला गेले होते, आज गुरुवारी परतले होते. त्यांनी मान वर केली. प्रसूतिगृहाचं पत्र्याचं छप्पर पांढरंफेक झालं होतं. फाटकापासून दारापर्यंतच्या बावीस तुतींच्या बुंध्यांना मात्र चुन्याचा थेंब लागला नव्हता.

सुरखान खोऱ्यातल्या या गावात बडा साहेब यायचा असला की झाडांचे बुंधे कमरेपर्यंत पांढरे करतात. या वेळी रस्त्याकडेची छपरंही एकजात तपकिरी हवीत, असं फर्मान होतं. प्रांताचा कारभार चालवणारे हाकीम उद्या सकाळी येणार होते.

नोरबीबीकडे भांडार होतं. चादरी, साबण, बादल्या, चुना, सगळं तिच्या ताब्यात. सव्वीस वर्षांत तिने एक चादर हरवू दिली नव्हती. वरच्या मजल्यावरची बाळांची खोली थेट पत्र्याखाली होती. दुपारी गावभर एसी सुरू झाले की विजेचा दाब उतरे आणि खोलीतला एकुलता एसी धापा टाकत बंद पडे. दुसरा बसवायचा तर वीज कचेरी म्हणे, तुमची लाइन तो ओढणार नाही. सोमवारी तीन वाजता खोलीत छत्तीस अंश होते. मंगळवारी पहाटे नोरबीबी सफाईच्या दोघींना घेऊन वर चढली, चुन्यात सरस कालवला आणि दोन हात दिले. बुधवारी त्याच वेळेला बत्तीस. एसी तोच, पण बंद पडला नाही.

डॉक्टर माणूस वाईट नव्हते. त्यांनी तोड काढली. उन्हाने भान सुटलं, चुकून झालं, एवढं लिहून द्या. छपरावर संध्याकाळपर्यंत तपकिरी रंग चढेल, पुढचं मी निभावतो.

नोरबीबीने खुर्ची ओढली आणि खुलासा लिहिला. 'सोमवार छत्तीस. बुधवार बत्तीस. भान होतं.' खाली सही.

डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. "साहेब विचारतील, झाडं बोडकी का?"

"सांगा, झाडांना पानं आहेत. या पोरांच्या डोक्यावर पत्रा आहे."

"दोन वर्षांवर पेन्शन आलीय तुमची. जरा जीभ आवरा."

"पेन्शन घरी बसून खायची आहे, डॉक्टर. ही पोरं आधी घरी जाऊ देत."

अडीचला रंगारी आले. त्यांच्यातला थोरला होलमत. त्याने डबे उघडले, रंग ढवळला आणि ब्रश घेऊन शिडी चढला. चढला तसाच उतरला.

"वर बाई बसलीय," तो डॉक्टरांना म्हणाला. "उठत नाही म्हणते. तिच्यावरूनच मारू का रंग?"

डॉक्टर अंगणात आले. त्यांनी आधी हुकूम केला, मग विनवलं, मग आपल्या मुलाबाळांची आठवण करून दिली. खिडक्यांत बाळंतिणी गोळा झाल्या होत्या. त्यांतल्या एकीने विचारलं, "आपा, चहा पाठवू का वर?" बाकीच्या तोंडाला रुमालाचं टोक लावून हसल्या.

शेवटी डॉक्टर स्वतः शिडी चढले. बाहेर बेचाळीस अंश होते. नोरबीबी चपला काढून, डोक्याचा रुमाल कपाळावर ओढून, पत्र्याच्या ऐन मध्यावर मांडी घालून बसली होती. ऊन तिला लागत होतं, घामाने पाठ भिजली होती. पण तिने हाताचे तळवे सपाट पत्र्यावर टेकले होते आणि ती ते उचलत नव्हती.

वर चढायला आधार म्हणून डॉक्टरांनी पत्र्यावर हात ठेवला आणि चटका बसणार म्हणून झटकन मागे घेतला. मग पुन्हा ठेवला. आणि शिडीवर उभे राहून तो तसाच राहू दिला.

खाली उघड्या डब्यांत तपकिरी रंगावर साय धरू लागली होती.