फोनवरची कुस्ती

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी दुपारी एक वाजता हार्लन रूलोफ्सने टीव्ही लावला, तर पडद्यावर ना मॅट, ना पैलवान. नुसता निळा रंग आणि त्यावर दोन ओळी: ‘हे चॅनल तूर्त उपलब्ध नाही. आम्ही तुमच्यासाठीच भांडत आहोत.’

“माझ्यासाठी?” हार्लन म्हणाला. “मी कधी सांगितलं यांना भांडायला?”

मी शेजारच्या खुर्चीत होतो, मांडीवर चिलीचा, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्श्याचा वाडगा आणि हातात दालचिनीचा रोल. कॉलेजच्या कुस्त्या आम्ही दोघं वीसेक वर्षं अशाच बघत आलो होतो, त्याच्याच बैठकीत. पूर्वी त्याची बायको आर्लीन चिली करायची. ती जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून चिली मी करून नेतो आणि हार्लन दर वेळी म्हणतो, “वेंडेल, मीठ कमी आहे.”

हार्लन आमच्या ग्रूनफील्डच्या हायस्कूलमध्ये एकतीस वर्षं कुस्तीचा कोच होता. याच गावचा कीगन ऑल्टमन यंदा बेल्मर कॉलेजकडून एकशे पंचवीस पौंडांच्या गटात उतरला होता. पाच वर्षांचा कीगन पहिल्यांदा मॅटवर आला तेव्हा बुटाची नाडी बांधण्यापासून त्याला हार्लननेच शिकवलं होतं. आता तो पोरगा टीव्हीवर दिसणार, तर नेमकं तेच चॅनल गेलं.

हार्लनने केबल कंपनीला फोन लावला. पस्तीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक मुलगी बोलली.

“सर, तुमचा वैताग मी समजू शकते.”

“तू कुस्ती बघतेस का?”

“नाही सर.”

“मग कसा काय समजतो तुला?”

ती बिचारी सांगत राहिली की चॅनलवाले आणि कंपनी यांच्यात बोलणी चालू आहेत, कधी संपतील सांगता येत नाही, तोवर तीन महिने स्वयंपाकाचं चॅनल फुकट देते. हार्लन म्हणाला, “बाई, त्यात कोणी कोणाला चीत करतं का?” आणि फोन ठेवला.

मग आम्ही नाही नाही ते करून पाहिलं. हार्लनच्या मुलीने शिकागोहून सांगितलं की संगणकावर दिसतं. संगणकाने विचारलं, तुमची केबल कंपनी कोणती? यादीत आमची कंपनी नव्हती. म्हणजे ज्याच्या घरी चॅनल दिसतं, त्यालाच ते संगणकावरही दिसणार. हार्लन त्या यादीकडे बराच वेळ बघत होता. रेडिओ लावला, तर त्या वेळी मुलींचं बास्केटबॉल. छतावर डिश बसवायला माणूस बोलावला, तर त्याने दक्षिणेकडची तीन स्प्रूसची झाडं दाखवली आणि म्हणाला, ही पाडावी लागतील. ती आर्लीनने लावलेली. हार्लनने त्याला कॉफी पाजली आणि परत पाठवलं.

पुढच्या रविवारी आम्ही बावीस मैलांवरच्या बारमध्ये गेलो. तिथे चॅनल होतं, पण मोठ्या पडद्यावर बास्केटबॉल. मालकाने दया येऊन स्वच्छतागृहाजवळचा छोटा टीव्ही दिला, आवाज बंद. दार उघडलं की पडदा झाकला जायचा. कीगनने कुस्ती मारली ती नेमकी कोणीतरी लांबरुंद गृहस्थ बाहेर येत असताना. “काय केलं त्याने? पट काढला का?” हार्लन त्या गृहस्थालाच विचारत होता. येताना बर्फावरून गाडी घसरली आणि खड्ड्यात गेली. एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरने बाहेर काढली. शिकागोच्या मुलीला ते कळलं आणि तिने बापाला तंबी दिली: पुन्हा बर्फात गेलात तर येऊन किल्ली काढून घेईन.

त्या संध्याकाळी मी म्हणालो, “हार्लन, लव्होनकडे ते चॅनल दिसतं.”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चर्चमध्ये शिवी दिली.

लव्होन म्हणजे आर्लीनची थोरली बहीण. वय एक्याऐंशी, लग्न केलं नाही, चौतीस वर्षं कोर्टात लघुलेखक होती. साक्षीदार जे बोलेल ते शब्दन् शब्द टिपायचं काम. आता ती डब्यूक शहरात वृद्धांच्या इमारतीत राहते, आणि तिथली केबल दुसऱ्या कंपनीची. तिचं आणि हार्लनचं सत्तावन्न वर्षं पटलं नव्हतं. कारण मला ठाऊक होतं, साऱ्या गावाला होतं. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी हार्लन राज्याच्या अंतिम फेरीत पोचला, राजधानीत डे मॉइनला, दहा हजार माणसांसमोर. आर्लीन तेव्हा त्याची मैत्रीण. ती येणार होती, आली नाही. हार्लन एका गुणाने हरला. लव्होनला हा पैलवान बहिणीसाठी पसंत नव्हता, तिनेच आर्लीनला अडवलं, असं त्याने धरून ठेवलं होतं. आर्लीनच्या अंत्यविधीनंतर दोघांमध्ये उरली होती फक्त नाताळची कार्डं.

“तिला कुस्तीतलं ओ की ठो कळत नाही,” हार्लन म्हणाला.

“डोळे आहेत ना?”

तो आठवडाभर घुम्यासारखा होता. रविवारी एकला पाच मिनिटं असताना त्याने फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

“लव्होन, हार्लन बोलतोय.”

“कोण गेलं?” तिने विचारलं.

“कोणी नाही गेलं. तुझ्याकडे एकशे सत्तेचाळीस नंबरचं चॅनल लागतं का?”

मग तिकडे टीव्हीचा आवाज आला. “लागतं. दोन मुलं पोहण्याच्या कपड्यांत उभी आहेत.”

“तेच. आता तुला जे दिसतं ते सांगत जा.”

“सगळं?”

“सगळं.”

हे तिला सांगायला नको होतं. लव्होनने घसा साफ केला आणि सुरू झाली. “निळ्या कपड्यातल्याने लाल कपड्यातल्याचा डावा घोटा उजव्या हाताने धरला. लालने हरकत घेतलेली नाही. लाल आता एका पायावर उडतो आहे. पंच खाली वाकून दोघांकडे बघतो आहे. पंचाला टक्कल आहे.”

“पंचाचं जाऊ दे!” हार्लन खुर्चीतून उठला. “एकेरी पट लागलाय त्याला! गुडघा कुठे आहे? निळ्याचा गुडघा?”

“कोणता? त्याला दोन आहेत.”

“लव्होन!”

“माझ्यावर ओरडायचं असेल तर मी ठेवते. चौतीस वर्षांत न्यायाधीशसुद्धा माझ्यावर ओरडला नाही.”

मी तोंडावर रुमाल धरला. हार्लनने मोठा श्वास घेतला. “बरं. माफ कर. पुढे?”

“पुढे लाल पडला. पंचाने तीन बोटं दाखवली.”

म्हणजे तीन गुण, आणि कीगन निळ्यात होता. हार्लनने टेबलावर अशी थाप मारली की चिलीचे वाडगे उडाले.

दहा वजनगटांच्या दहाही कुस्त्या तिने तशाच सांगितल्या. कोणी खाकरलं, कोणी बुटाची नाडी बांधली, कोचने खुर्ची आपटली, सगळं आलं. डावांची नावं तिला येत नव्हती, पण कोणता हात कुठे आणि कोणता पाय कोणाच्या आत, यात एकदाही चूक नाही. हार्लन डोळे मिटून ऐकायचा आणि हात हवेत फिरवायचा, हळूहळू डाव जुळवायचा. “अच्छा, म्हणजे आतून टांग लावली.” शेवटी ती म्हणाली, “संपलं. माझं सूप थंड झालं,” आणि फोन बंद.

“बाई नीट सांगते,” दात उपटून घेतल्यासारखं तोंड करून हार्लन मला म्हणाला.

पुढच्या रविवारी त्याने बरोबर एक वाजता फोन केला, तर ती आधीच टीव्हीसमोर बसली होती. तिसऱ्या रविवारी तिने नियम विचारले आणि लिहून घेतले. चौथ्या रविवारी तिच्या इमारतीतल्या तीन म्हाताऱ्या तिच्या खोलीत येऊन बसल्या होत्या, आणि मागून कोणीतरी ओरडत होतं, “उलटा कर त्याला, उलटा कर!” लव्होन त्यांना गप्प करत होती: “साक्ष चालू आहे.” आता ती ‘निळा’ म्हणत नव्हती, ‘आपला कीगन’ म्हणत होती. पंच चुकला की “नोंद घ्यावी” असं म्हणायची आणि पुढे आपलं मत मांडायची. हार्लन तिला म्हणाला, “तू बिघडलीस.” ती म्हणाली, “तुझ्या संगतीत आणखी काय होणार?”

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मध्यंतरात जाहिराती चालू होत्या. हार्लन खुशीत होता, सहज बोलून गेला, “छान सांगतेस हं तू. पहिल्यांदाच करतेयस असं वाटत नाही.”

“पहिल्यांदा नाहीच करत,” लव्होन म्हणाली.

“म्हणजे?”

“तुझी अंतिम कुस्ती मीच सांगितली होती. आर्लीनला.”

हार्लनचा हात चमच्यासकट थांबला. मला वाटलं, उठून बाहेर जावं. पण मी हललो नाही.

“ती आली नव्हती,” तो म्हणाला.

“आली होती. मीच घेऊन आले, माझ्या गाडीतून. सभागृहापर्यंत आली आणि दारातच अडली. मला बघवणार नाही म्हणाली. जिन्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी दारातून बघायचे आणि परत जिन्यात येऊन तिला सांगायचे. मला काय कळत होतं? काळा वर आहे, पांढरा वर आहे. तू कोणत्या रंगात होतास तेसुद्धा मी आधी चुकीचं सांगितलं. ती बिचारी दोन मिनिटं तू जिंकतोयस म्हणून टाळ्या वाजवत होती.”

“मग मला भेटली का नाही?”

“आली की तुला शोधत. तू कपडे बदलायच्या खोलीबाहेर बाकावर बसून रडत होतास. कोचला म्हणत होतास, बरं झालं, माझं कोणी बघायला नव्हतं. तिने ते ऐकलं आणि मला हाताला धरून मागे ओढलं. गाडीत बसल्यावर माझ्याकडून वचन घेतलं, की त्याला कधी सांगायचं नाही.”

“मी सत्तावन्न वर्षं तुला...” हार्लन थांबला.

“ठाऊक आहे मला. तिने सांगितलं होतं. दर दोन-तीन वर्षांनी विचारायची, लव्होन, सांगून टाकू का गं त्याला? मी म्हणायचे, राहू दे, तो तसाही मला आवडत नाही.”

जाहिराती संपल्या. लव्होनने घसा साफ केला. “एकशे पासष्ट पौंड. दोघं हात मिळवताहेत. सांगू का, की थांबू?”

“सांग,” हार्लन म्हणाला. त्या दिवशी त्याने एकही डाव जुळवला नाही, नुसता ऐकत बसला. निघताना मी वाडगे उचलले तेव्हा तो म्हणाला, “जिन्यात उभी होती, वेंडेल. मला वाटलं ती घरी होती.” मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार?

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही कंपन्यांचं जमलं. कसं ते त्यांनाच ठाऊक. घरोघरी पत्र आलं, आपल्या संयमाबद्दल आभार. हार्लन म्हणाला, संयम कोणी ठेवला होता? पण शनिवारी कॉलेजांच्या मोठ्या स्पर्धेची अंतिम फेरी होती, तेव्हा पडद्यावर मॅट दिसली, कीगनचं वाकडं नाक दिसलं, आणि हार्लन पुढे सरकून बसला. मी मुद्दाम मीठ जास्त घातलं होतं.

कीगनची अंतिम कुस्ती सुरू व्हायला आली आणि फोन वाजला.

“दिसतंय का तुम्हाला?” लव्होन.

“दिसतंय, दिसतंय. आता तू आरामात बघ.”

“बरं,” ती म्हणाली, पण फोन ठेवला नाही. यानेही ठेवला नाही.

मग एक गंमत कळली. तिच्या टीव्हीवरचं चित्र आमच्यापेक्षा सात-आठ सेकंद आधी पोचत होतं. इकडे कीगन नुसता गोल फिरत होता आणि फोनमधून लव्होन ओरडली, “काढला! पट काढला!”

“सांगू नकोस!” हार्लन ओरडला.

“मी सांगत नाहीये, मी ओरडतेय!”

मग कीगनने पट काढला.

“फोन ठेव ना मग,” मी म्हणालो.

“तू चिली खा,” हार्लन म्हणाला.

शेवटचं अर्धं मिनिट होतं. दोघांचे गुण सारखे. कीगन दमला होता, छाती वरखाली होत होती. इकडे तो अजून उभा होता आणि तिकडे लव्होन एकदम गप्प झाली. मागच्या म्हाताऱ्याही गप्प. हार्लनने टीव्हीकडून मान वळवली आणि फोनकडे पाहिलं. पडद्यावर कीगन खाली गेला तेव्हा हार्लन पडदा बघतच नव्हता.

“लव्होन?”

“पांढऱ्याने त्याचे दोन्ही पाय धरले,” ती हळू म्हणाली. “आपल्या कीगनने हरकत घेतली होती. खूप घेतली होती. पुरली नाही.”

“दिसलं मला,” हार्लन म्हणाला, दिसलं नव्हतं तरी. “दुसऱ्या वर्षाचं पोर आहे. अजून दोन वर्षं आहेत त्याच्याकडे.”

“तो बाकावर बसलाय. टॉवेल डोक्यावर घेतलाय. त्याच्या शेजारी कोणी बसेल का?”

“कोच बसेल.”

“हो, बसला.”

मग हार्लनने विचारलं, “ईस्टरला काय करतेस?”

“इथे हॅम देतात. कोरडं असतं.”

“इकडे ये. वेंडेल करतो काहीतरी. त्याचं मीठ कमी असतं, पण चालतं.”

“मी बसने येणार नाही.”

“मी घ्यायला येतो ना.”

ईस्टरच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं डब्यूकला गेलो. रस्ता कोरडा होता, ऊन पडलं होतं. लव्होन कोट घालून, पर्स मांडीवर घेऊन दारातल्या बाकावर बसली होती. हार्लन गाडीतून उतरला आणि तिच्यासमोर उभा राहिला. तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहून घेतलं, साक्षीदाराला बघावं तसं.

“म्हातारा झालास,” ती म्हणाली.

“तूही.”

“बॅग जड आहे. दोन्ही हातांनी उचल.”

त्याने दोन्ही हातांनी उचलली.