उरल्या एकट्या जाऊबाई

तोंडाची मी फटकळ, हे सगळ्या गटाला ठाऊक. त्यापायीच थोरल्या जाऊबाईंशी माझा तीन वर्षं अबोला. कारण काय, तर आमच्या सामाईक भिंतीवरची माझी चादर त्यांनी पाडली की वाऱ्यानं पडली, हे अजून ठरायचंय!

त्या दिवशी आमच्या बारा जणींच्या बचत गटात कर्जवाटप होतं. मला शिलाई मशीन घ्यायचं होतं. दोन वर्षं भाड्याच्या मशीनवर शिवतेय, अर्धी कमाई मशीनवाल्याच्या घशात. या खेपेला हुकलं की पुन्हा वर्षभर वाट बघा.

गहाण काही नको, पण गटातली एक बाई जामीन हवी. आणि एकीनं एकीलाच जामीन राहायचं. मी दीडशहाणी! सगळ्या आपल्याच आहेत म्हणून कुणाला आधी विचारलंच नाही. कोंबडीवाली भाजीवालीला, भाजीवाली कुंभारणीला, असं करत माझी पाळी येईतो सगळ्या अडकल्या. उरल्या एकट्या जाऊबाई.

"ताई, त्यांना विचारा, राहणार का जामीन," मी कर्जवाल्या ताईंना म्हटलं. जाऊबाई माझ्यापासून हातभर अंतरावर.

"ताई, तिला तोंड नाही का?" जाऊबाई म्हणाल्या. "एरवी तर दांडपट्टा चालतो!"

सगळ्या फिस्सकन हसल्या. अस्सा राग आला! म्हटलं, खड्ड्यात गेलं ते मशीन. पण मशीनवाल्याचं थोबाड आठवलं आणि मुकाट वळले.

"जाऊबाई, राहाल का हो जामीन?" मेला आवाजच चिरकला.

त्या उठल्या आणि सही ठोकली.

"हिनं हप्ता बुडवला तर तुम्हाला भरावा लागेल," ताई म्हणाल्या. "आणि तुमचं तर पटत नाही ना?"

"नाही पटत. पण तापानं फणफणली तरी हिचं मशीन थांबत नाही, भिंतीपलीकडून ऐकते ना मी. ही मला शिव्या देईल, पण हप्ता नाही बुडवायची."

भरल्या गटात मला रडूच फुटलं.

"रडतेस काय, वेडे? मशीन आणायला एकटी जाऊ नकोस, दुकानदाराशी भांडून बसशील. मी येते."

शनिवारी दोघी निघालो. वाटेत तीन वर्षांचं बोलणं उरकता उरकेना. दुकान बंद व्हायला आलं, तेव्हा कुठे मशीनची आठवण झाली.